पिक्चर बघताना आपण कुणाला हसतो?

फेब्रुवारी २०१४. आम्ही होस्टेलची सात पोरं पुण्यातल्या एका सिंगल स्क्रीन थिएटरात 'फँड्री' बघायला गेलो होतो. तिकीट स्वस्त, शो दुपारचा, लेक्चर बुडवलेलं. सातातला एक सोलापूरकडच्या खेड्यातून आलेला, रंगानं काळा, कमी बोलणारा. त्याचं नाव इथं सांगत नाही. तुम्हाला पुढं कळेलच, त्याला नावानं हाक मारण्याचा हक्क आम्ही तेव्हाच घालवून बसलो होतो.

पिक्चर सुटला तेव्हा सगळे गप्प होते. स्टँडवर चहा प्यायलो, तोवर गप्प. मग बाइकला किक मारता मारता कुणीतरी त्याला म्हणालं, "चल रे जब्या." सगळे हसले. मीपण हसलो. पुढची तीन वर्षं तो होस्टेलवर जब्याच होता. मेसच्या वहीत जब्या, क्रिकेटच्या टीममध्ये जब्या, माझ्या मोबाइलमध्येही त्याचा नंबर त्याच नावानं सेव्ह.

काळ्या रंगाच्या, गावाबाहेर राहणाऱ्या पोराला जातीवरून चिडवणं काय असतं हे दाखवणारा सिनेमा आम्ही बघितला, तो आम्हाला आवडला, आणि बाहेर पडल्यावर त्याच सिनेमातून आम्ही चिडवायला एक नवं नाव घेऊन आलो. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. कळलं तेव्हापासून माझी सिनेमा बघायची पद्धत बदलली. आता कुठलाही पिक्चर बघताना मी एक गोष्ट बघतो: हा पिक्चर मला कुणाला हसायला लावतोय, आणि त्या हसण्याचं पुढं काय करतोय?

मी काही समीक्षक नाही. फिल्म इन्स्टिट्यूटच्या गेटवरून फक्त बसनं गेलोय. पण पिक्चर खूप बघतो, आणि एकच पिक्चर पुन्हा पुन्हा बघतो. त्यातल्या काहींबद्दल या एका प्रश्नाच्या निमित्तानं बोलायचंय.

चार पोरं आणि एक खोली

सुरुवात 'अशी ही बनवाबनवी'नंच करायला पाहिजे. १९८८चा पिक्चर. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म व्हायच्या आधीचा, तरी आपल्या सगळ्यांना पाठ. ते सत्तर रुपये, ते इस्रायलचं औषध, धनंजय मानेचा पत्ता विचारणारा तो माणूस. फॅमिली ग्रुपवर काका मीम टाकतात, ऑफिसच्या ग्रुपवर एचआर टाकते, आणि दोघांनाही हसू येतं. असं भाग्य किती पिक्चरांना मिळतं?

काही शहाणे लोक म्हणतात, त्यात काय, हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून तर घेतलाय. घेतलाय, १९६६च्या त्या हिंदी पिक्चरवरून कथा आलीये. पण मूळ पिक्चर आज किती जणांना आठवतो? अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे यांनी ती कथा पुण्यात आणली आणि ती पुण्याचीच झाली. कारण पुण्यात भाड्यानं खोली शोधणं हा विनोदी प्रकार नाही हे पुण्यात खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.

'बनवाबनवी'त आपण कुणाला हसतो? वरवर बघितलं तर साडीतल्या दोन पुरुषांना. पण नीट बघा. पार्वती झालेल्या लक्ष्याला आपण हसतो तेव्हा आपण त्याच्या बाजूनं असतो. त्याचं सोंग उघडं पडलं तर चौघं रस्त्यावर येणार, ही भीती आपल्याही पोटात असते. हसू येतं ते त्या भीतीतून. खरी टर उडते ती सरपोतदारांची, आणि 'लग्न झालेल्यांनाच खोली देणार' या नियमाची. ज्याच्याकडं घर आहे त्याला, ज्याच्याकडं घर नाही तो हसतोय. हे हसणं खालून वर जाणारं आहे. म्हणून इतकी वर्षं झाली तरी ते शिळं होत नाही, असं माझं मत आहे.

पण एक गोष्ट या पिक्चरमध्ये नाही. ती नाही हे मला पिक्चर बघून नाही, खोली शोधताना कळलं.

होस्टेल सुटल्यावर आम्ही चौघं मिळून फ्लॅट शोधत होतो. चौघं म्हटल्यावर ग्रुपचं नाव साहजिकच 'बनवाबनवी' ठेवलेलं. चौघांत आमचा तो मित्रही होता. एका ठिकाणी मालक बॅचलरना द्यायला तयार झाला. डिपॉझिट ठरलं, चहा झाला. मग त्यानं एकेकाला आडनाव विचारलं. चौथं आडनाव ऐकल्यावर तो "बरं, बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला की फ्लॅट कालच दुसऱ्याला गेला. आम्ही फोन ठेवला आणि सवयीनं विनोद केला, "चला, आता कुणीतरी पार्वती व्हा." तिघं हसलो.

बनवाबनवीतल्या चौघांची अडचण एवढीच असते की त्यांची लग्नं झालेली नाहीत. साडी नेसून ती सुटते. साडी नेसून आडनाव बदलत नाही. हा त्या पिक्चरचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक विनोदी सिनेमानं सगळंच पोटात घ्यावं असा आग्रह धरणारा माणूस मला कंटाळवाणा वाटतो. पण त्या पिक्चरला आपण 'सगळ्यांचा' म्हणतो, तेव्हा त्या सगळ्यांत कोण कोण येतं हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

साडी रात्री उतरवता येते का?

मराठी सिनेमात साडीतला पुरुष हा पहिल्या दिवसापासून आहे. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके, त्याआधी एका हॉटेलात स्वयंपाकी होते. पुढं 'लंका दहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही तेच. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'नं (२००९) ही सगळी धांदल फार गोड हसत दाखवली. त्यातलं हसू मला आवडतं, कारण तो पिक्चर फाळक्यांना पुतळा करत नाही. घरातलं सामान विकून पिक्चर काढणारा एक हट्टी, खेळकर माणूस म्हणून बघतो. त्यात कुणाचा अपमान होत नाही. पण फार खोलवरही काही जात नाही. चहाबरोबर खारी खावी तसा पिक्चर. खारीत वाईट काही नसतं.

त्याच सुमाराला, १ जानेवारी २०१० रोजी 'नटरंग' आला. रवी जाधव यांचा पहिला पिक्चर, आनंद यादवांच्या कादंबरीवरून. गुणा कागलकर हा शेतमजूर, पैलवानी अंगाचा, तमाशाचं वेड असलेला. त्याला फडात राजा व्हायचंय. पण फडाला नाच्या लागतो, नाच्या मिळत नाही, आणि शेवटी फड जगवायला तो स्वतःच नाच्या होतो.

पार्वती आणि गुणा यांत फरक काय? पार्वतीची साडी रात्री खोलीचं दार लावल्यावर उतरते. गुणाची उतरत नाही. तो गावात आला तरी ती त्याच्या अंगावर असते, बायकोच्या नजरेत असते, पोराच्या मित्रांच्या तोंडात असते. अतुल कुलकर्णींनी आधी शरीर कमावून मग ते उतरवलं याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला मात्र त्यांच्या शरीरापेक्षा मान लक्षात राहिली. राजाची भूमिका म्हणताना ताठ असलेली मान नाच्या झाल्यावर किंचित कलते, आणि मग घरी जेवायला बसल्यावरही ती कललेलीच असते.

हे सगळं मान्य करूनही 'नटरंग'शी माझं एक भांडण आहे. त्यात तमाशाला बसलेली माणसं नाच्याला हसतात, शिट्ट्या मारतात. आपण थिएटरात बसून त्यांच्याबरोबर शिट्ट्या मारतो. अजय-अतुलची गाणी इतकी जोरदार, 'अप्सरा आली' आणि 'वाजले की बारा'ला इतका टाळ्यांचा कडकडाट, की आपण त्या फडासमोरच्या गर्दीचाच भाग होऊन जातो. इथपर्यंत ठीक. पण पिक्चर कधीच मागं वळून आपल्याकडं बघत नाही. गुणावर भयानक अत्याचार होतो तो विरोधकांच्या गुंडांकडून. म्हणजे वाईट माणसं वेगळी, आणि शिट्टी मारणारे आपण वेगळे. शेवटी गुणाला मोठा सन्मान मिळतो आणि टाळ्यांनी आधीच्या हसण्याची भरपाई होते. आपण हलक्या मनानं बाहेर पडतो. गुणाला हसण्याचा हिशोब कुणी आपल्याकडं मागतच नाही.

मंगरूळला कोण हसतं?

उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी या जोडीचा 'देऊळ' (२०११) मला आवडतो, आणि तो आवडणाऱ्या काही लोकांची मला भीती वाटते.

गोष्ट तुम्हाला माहिती असेल. मंगरूळ नावाचं गाव. केश्या नावाच्या भोळ्या पोराला उंबराच्या झाडाखाली दत्ताचा भास होतो. बघता बघता दवाखान्याच्या जागी देऊळ होतं, हारांची दुकानं लागतात, गावाकडं पैसा येतो. पिक्चरला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक विभागून मिळालं. संवाद झकास. प्रत्येक माणूस ओळखीचा.

शहरातल्या मल्टिप्लेक्समध्ये हा पिक्चर बघताना लोक खळखळून हसले. 'काय ही खेड्यातली माणसं' असं ते हसू होतं. त्यातले निम्मे मंगळवारी पहाटे अनवाणी चालत रांगेत उभे राहणारे असतील. पण देवाचा बाजार करणारे ते मंगरूळचे, आपण नाही. व्यंगपटाची ही जुनीच अडचण आहे. आरसा दाखवायला जावं तर प्रत्येकाला त्यात शेजारी दिसतो.

तरी 'देऊळ' मला मोठा वाटतो, कारण त्याला ही अडचण ठाऊक आहे असं दिसतं. त्यात खलनायक नाही. नाना पाटेकरांचा भाऊ हा राजकारणी आहे, पण तो लबाड वाटण्यापेक्षा व्यवहारी वाटतो. गावाचा फायदा होतोय, मी आडवा का येऊ? दिलीप प्रभावळकरांचे अण्णा शहाणे आहेत, बरोबर आहेत, आणि गाव सोडून निघून जातात. बरोबर असणं कुणाच्या उपयोगी पडत नाही. शेवटी ज्या केश्याला सगळे भोळसट म्हणून हसत होते, तोच मूर्ती उचलून पाण्यात सोडतो. आणि गाव काय करतं? दुसरी मूर्ती आणतं.

तिथं माझं हसू थांबलं होतं. पण बाजूच्या माणसाचं थांबलं नव्हतं. त्याच्यासाठी तोही एक विनोदच होता.

टाळ्या

आता परत 'फँड्री'कडं येतो.

नागराज मंजुळे या पिक्चरमध्ये काय करतात ते मला पहिल्यांदा बघताना कळलंच नव्हतं. पहिला तास ते आपल्याला जब्याबरोबर हसवतात. शाळेतल्या शालूवर त्याचं प्रेम. तिच्यावर राख टाकली की ती वश होईल म्हणून काळ्या चिमणीच्या मागं गलोल घेऊन हिंडणं. जीन्स पँटचं स्वप्न. हे हसू प्रेमाचं आहे. आपल्या प्रत्येकाच्या नववीत असं काहीतरी येडेपण होतंच.

मग जत्रा येते. जब्या मिरवणुकीत बेभान नाचतोय, शालू बघतेय, आयुष्यात पहिल्यांदा तो सगळ्यांसारखा झालाय. आणि बाप, किशोर कदमांचा कचरू, त्याला ओढून बाजूला घेतो आणि डोक्यावर दिवा धरून उभा करतो. मिरवणुकीत नाचणारे आणि दिवा धरणारे वेगळे असतात. हा प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा आहे, त्यात कुणी कुणाला मारत नाही, शिवी देत नाही. पण इथं पिक्चरनं आपलं हसू काढून घ्यायला सुरुवात केलेली असते.

शेवटी डुक्कर धरायचा लांबलचक प्रसंग येतो. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. गावानं सांगितलंय म्हणून जब्याचं सगळं घर शाळेजवळ डुकराच्या मागं पळतंय. सगळी शाळा, सगळं गाव कठड्यावर बसून बघतंय, शेरे मारतंय, हसतंय. शालू पण. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि डुकराच्या अगदी जवळ पोचलेलं ते घर जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निवांत चालत निघून जातं.

आमच्या थिएटरात त्या क्षणी काय झालं ते सांगतो. महाराष्ट्रात पिक्चरच्या आधी राष्ट्रगीत लागतं. दीड तासापूर्वी आम्ही सगळे उभे राहिलोच होतो. पडद्यावर ते पुन्हा सुरू झालं तेव्हा दोन-तीन जण गोंधळून अर्धवट उठले. बाकीचे त्यांना हसले. मग कचरू धडपडतो तेव्हा आणखी काही हसले. पडद्यावरचं गाव हसत होतं आणि थिएटरही हसत होतं. दोन्ही हसण्यांत आवाजाचाही फरक नव्हता.

मग डुक्कर बांबूला टांगून नेताना मागं शाळेची भिंत दिसते. भिंतीवर फुले, आंबेडकर, सगळे महापुरुष रंगवलेले. त्यांच्यासमोरून ती वरात जाते. आणि चिडवणाऱ्या पोरावर जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड तो थेट कॅमेऱ्याकडं, म्हणजे आपल्याकडं फेकतो. पडदा काळा.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्या थिएटरनं वाजवल्या.

मला आता त्या टाळ्यांचंच आश्चर्य वाटतं. दगड आपल्याला मारलाय. 'नटरंग' जो हिशोब मागत नाही तो इथं रोख मागितलाय. कठड्यावर बसून हसणाऱ्यांत तूही होतास, असं पिक्चर तोंडावर सांगतोय. आणि आम्ही मात्र शेजारच्या खुर्चीतल्या कुणालातरी तो लागला असं समजून "काय शॉट आहे!" म्हणत टाळ्या पिटतोय. आणि बाहेर येऊन, "चल रे जब्या."

रविवारचं नाटक

हेच दुखणं चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'नं (२०१४) अगदी दुसऱ्या तऱ्हेनं दाखवलंय. तिथं दगड नाही. तिथं कुणी आवाजही चढवत नाही.

लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप आहे की त्यांचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. खटला तारखांमागून तारखा चालतो. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, दिवसभर जुने कायदे वाचून दाखवतात. मग पिक्चर त्यांच्या मागं कोर्टाबाहेर जातो. लोकलमधून घरी जाणं, मुलाला घेणं, स्वयंपाक. कुणालाही आपली मावशी वाटावी अशी बाई. मग एके दिवशी हे कुटुंब नाटकाला जातं. नाटक उत्तर भारतीयांची खिल्ली उडवणारं. प्रेक्षक खूश. टाळ्या, हशा. नूतनच्या घरचेही हसतायत.

ताम्हाणे इथं काहीच करत नाहीत. कॅमेरा हलत नाही, कुणाच्या चेहऱ्याचा क्लोजअप नाही, मागं भीतीदायक संगीत नाही. तुम्ही हसायचं की नाही तुम्ही ठरवा. मी पहिल्यांदा बघताना नाटकातल्या एका वाक्याला हसलो होतो, हे कबूल करतो. टायमिंग चांगलं होतं. मग लक्षात आलं की सोमवारी हीच बाई कोर्टात उभी राहून कांबळेंना कोठडीत ठेवा म्हणणार आहे, आणि तिच्या मनात कुणाबद्दल राग नसेल. रविवारी जी माणसं आपल्याला हसण्यासारखी वाटतात, सोमवारी त्यांचं काय झालं तर आपल्याला झोप लागते. मराठी सिनेमातला मला सगळ्यात भीतीदायक वाटलेला प्रसंग हाच आहे, आणि तो विनोदी नाटकाचा आहे.

त्या पिक्चरचा शेवट आठवा. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बागेतल्या बाकावर डुलक्या घेतायत. पोरं खोडी काढायला दबकत येतात आणि एकदम ओरडतात. ते दचकून उठतात, एका पोराला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. बस. कित्येकांनी मला विचारलंय, "हा काय शेवट आहे?" माझं उत्तर असं की ज्याच्या हातात अधिकार आहे त्याची झोपमोड गमतीतही करून चालत नाही, आणि चापट खाणारा बहुतेक हाताशी सापडलेलाच असतो.

गाणी संपल्यावर

'सैराट' (२०१६) बद्दल एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकल्यावर माणूस ओळखता येतो: "फर्स्ट हाफ एक नंबर, सेकंड हाफ स्लो."

मला वाटतं सेकंड हाफ हाच पिक्चर आहे. पहिल्या भागात उसाचे फड, विहिरीतल्या उड्या, स्लो मोशन, अजय-अतुल, आर्चीची बुलेट. पर्श्याचे दोन मित्र हसवायला. त्यातला एक पायानं अधू, त्याला सगळे लंगड्याच म्हणतात, आणि आपण हसतो कारण तो स्वतःच एवढा मजेशीर आहे. मग ते पळतात, हैदराबादला पोचतात, आणि पिक्चरमधली गाणी संपतात. मित्र मागं राहतात. हसू संपतं. उरतं काय? झोपडपट्टीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातलं काम, भांडण, संशय, पुन्हा जुळवून घेणं. प्रेम म्हणजे गाणं संपल्यावर जे करावं लागतं ते. ते स्लोच असतं.

शेवटच्या प्रसंगात तर आवाजही जातो. माहेरचं सामान घेऊन भाऊ येतो, चहा होतो. मग शेजारणीकडून परतलेलं ते लहान लेकरू, आणि त्याची पावलं. त्या थिएटरात आधी लोक खुर्च्यांवर उभं राहून नाचले होते. आता पाय जमिनीला चिकटलेले. मंजुळेंनी नाचवलं ते याचसाठी, असं मला वाटतं. ज्यांना नाचवलं त्यांनाच त्यांनी तिथं उभं केलं.

आज 'झिंगाट' प्रत्येक लग्नात वाजतं. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मीपण नाचलो. ती वरात अर्थातच पत्रिका, जात, पोटजात, सगळं जुळवून निघालेली होती. गाण्याचा यात काही दोष नाही. पण पिक्चरमधून आपण गाणं घरी आणलं आणि पावलं तिथंच ठेवून आलो, हे खरं आहे.

रीलमध्ये दगड येत नाही

आता आपण सगळेच पिक्चर तुकड्यात बघतो. बसमध्ये, जेवताना, झोप येईपर्यंत. त्याबद्दल मी नाक मुरडणार नाही. मी स्वतः रात्री बारा वाजता 'बनवाबनवी'चे तुकडे बघत पडलेला असतो. 'बनवाबनवी'चं कितीही तुकडे केले तरी काही बिघडत नाही, कारण त्यातलं प्रत्येक हसू त्या त्या जागी पूर्ण होतं.

'फँड्री'चं तसं नाही. त्यातलं डुकरामागं धावण्याचं दृश्य तीस सेकंदांचं कापा, खाली हसणाऱ्या इमोजी लावा, आणि मी असं केलेलं बघितलंय, तर तुम्ही थेट त्या कठड्यावर जाऊन बसता. हसणाऱ्या गावाचा कॅमेरा तुमच्या हातात येतो. कारण रीलमध्ये दगड येत नाही. दगड पुढं असतो, दहा मिनिटांनी. 'सैराट'ची पावलं अडीच तासांनी. ज्या पिक्चरनं हसण्याचं उत्तर शेवटी ठेवलंय, त्याचं फक्त हसू कापून घेणं म्हणजे प्रश्न वाचून उत्तराचं पान फाडणं.

पण सगळा दोष रीलवर ढकलणं हीसुद्धा सोपी पळवाट आहे. आम्ही तर सात जणांनी तिकीट काढून, अंधारात बसून, आख्खा पिक्चर बघितला होता. दगड आला होता. आम्ही त्यालाही टाळ्या वाजवल्या. पिक्चर आपल्याला बदलतो असं आपण फॅन लोक फार म्हणतो. पिक्चर फार तर दगड मारू शकतो. तो लागला की नाही हे बघायचं काम आपलं असतं.

मागच्या वर्षी मोबाइलवर 'फँड्री' पुन्हा बघितला, एकट्यानं. या वेळी मी जब्याकडं कमी आणि कठड्यावरच्या पोरांकडं जास्त बघत होतो. त्यांच्यात दुष्ट कुणीच दिसत नव्हतं. दुपारचा टाइमपास करणारी साधी पोरं होती. आमच्याच वयाची, आमच्याचसारखी.

दुसऱ्या दिवशी मित्राला फोन केला. तो आता नोकरीला आहे, लग्न झालंय, मुलगी आहे. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी त्या नावाबद्दल सॉरी म्हणालो. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पिक्चर चांगलाच होता रे. त्रास तुमचा होता."

मी विचारलं, शेवटचा दगड आठवतो का?

"मी कुठं बघितला? डुकराचं सुरू झालं तेव्हाच बाहेर येऊन थांबलो होतो. तुम्ही टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं, संपला."

मला त्याची ती रिकामी खुर्ची आठवतच नव्हती. सहा जण शेजारी बसलो होतो, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं ते कॉन्टॅक्टमधलं नाव बदलण्याचं. अकरा वर्षांनी.